जोडीचा रिटर्न

"अगं, चल ना लवकर! टॅक्सवाल्या बाई जेवायला उठल्या की संपलं!" नवरा दोन-दोन पायऱ्या एकदम चढत ओरडला.

ती मागून धापा टाकत येत होती. काखेत फुगलेली फाइल होती आणि चेहऱ्यावरचं हसू काही केल्या आवरत नव्हतं. आज दोघांचा मिळून एक रिटर्न भरायचा, त्याची पोच कर्जासाठी दुपारपर्यंत बँकेत द्यायची, की मोठ्या खिडक्यांचा तो फ्लॅट त्यांचा. उशीर झाला तर रांगेतलं दुसरं गिऱ्हाईक टपलेलंच होतं.

गेलं वर्ष तिचं दोन देशांत वाटलं गेलं होतं. अर्धं तिकडे माहेरगावी, अर्धं इकडे नवऱ्याजवळ. कंपनीने बदली दिली, व्हिसाही कंपनीनेच काढला, त्यामुळे ती आली ती नोकरीसकट. पण आता दोन सरकारं तिच्या एकाच पगाराकडे डोळे लावून बसली होती. तिकडे कापलेला कर इकडे दाखवायचा, इकडचा पगार तिकडे सांगायचा. महिनाभर तिने त्या कागदांचा फडशा पाडला होता, आणि खरं सांगायचं तर तिला त्यात मजाच आली होती.

टॅक्सवाल्या बाईंनी केसांत खोचलेलं पेन काढलं आणि कागद भराभर उलटले.

"वा! इतकी नीटनेटकी फाइल माझ्याकडे क्वचितच येते," त्या म्हणाल्या.

तिची कॉलर ताठ झाली.

"आता सांगा, तुमचं कायमचं घर कुठलं धरायचं? तिकडचं की इकडचं?"

"इकडचंच," नवरा म्हणाला.

"मी त्यांना विचारलं."

"तेच हो. आमचं एकच."

ती हसली. तिला याची सवय होती. लग्नाचा होकार बाबांनी फोनवर देऊन टाकला, तेव्हा ती ऑफिसात मीटिंगमध्ये होती. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत हॉलसुद्धा बुक झाला होता. इकडे यायची तारीख सासूबाईंनी ठरवली. फ्लॅट आवडला का, असं नवऱ्याने मात्र आवर्जून विचारलं, पण टोकन देऊन झाल्यावर.

माणूस सोन्यासारखा होता, त्यात वाद नाही. सकाळचा चहा तोच करायचा, तिच्या बारीकसारीक विनोदांना पोट धरून हसायचा. तो तिला मनापासून आवडायचा. फक्त कुणीतरी एकदा तिला विचारावं आणि उत्तर येईपर्यंत थांबावं, एवढी हौस तिची राहून गेली होती. सांगायला गेलं तर लोक म्हणाले असते, सुख टोचतंय हिला. म्हणून ती कुणाला सांगत नसे.

"छान. आता लग्नाचा दाखला द्या, की झालं," बाई म्हणाल्या.

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. "दे ना."

"मी? तो तुझ्याकडे आहे ना?"

"माझ्याकडे कशाला असेल?"

त्याने तिथूनच वडिलांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"दाखला? तो व्याह्यांकडे असेल," सासरे म्हणाले. "नोंदणीचं त्यांनी अंगावर घेतलं होतं. मी मुद्दाम विचारलं नाही. म्हटलं, त्यांना वाटायचं विश्वास नाही."

मग तिने बाबांना फोन लावला.

"अगं, ते मुलाकडचे करणार होते," बाबा म्हणाले. "आपण मुलीकडचे, सारखं मागे कसं लागायचं? बरं दिसतं का ते?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "थोडक्यात, एकमेकांचा मान राखता राखता नोंदणी कुणीच केली नाही."

"पण लग्न झालंय हो आमचं!" नवरा खुर्चीतून उठलाच. "फोटो आहेत. चारशे माणसं जेवून गेली!"

"सरकार जेवायला आलं नव्हतं ना. दोन्ही देशांच्या दप्तरी तुम्ही दोघं अविवाहित आहात. जोडीचा रिटर्न मला भरता येणार नाही."

नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे फ्लॅट गेला," तो पुटपुटला आणि मटकन खाली बसला.

आपल्यालाही आता रडू येणार, असं तिला वाटलं. तिने वाटही पाहिली. पण रडू काही येईना. उलट पोटात गुदगुल्या व्हायला लागल्या. खिडकीबाहेर रस्ता नेहमीसारखाच वाहत होता आणि ती, बदली घेऊन, सामान बांधून नवऱ्याकडे आलेली बाई, कुणाचीच बायको नव्हती!

"काही बिघडत नाही," नवरा सावरून म्हणाला. "उद्याच इथल्या कचेरीत जाऊ, सह्या करू, आणि..."

तो मध्येच थांबला. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या डोळ्यांत त्याला काय दिसलं कोण जाणे, पण त्याचा आवाज एकदम खाली आला.

"म्हणजे... तू करशील ना? लग्न, माझ्याशी?"

आणि तो थांबला. खरोखरच थांबला. श्वास रोखून, घाबऱ्याघुबऱ्या चेहऱ्याने तिच्याकडे बघत राहिला. बाईसुद्धा हातातला कागद तसाच धरून बसल्या.

तिला फार आनंद झाला. हा माणूस तिला इतका कधीच आवडला नव्हता.

"बाई, माझा रिटर्न एकटीचा भरा," ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. "विचार करून सांगते."