पेंडरचं पिवळं शेत

"तुझ्या बापाचं शेत फुललंय रे," बोट धक्क्याला लावत क्लेमो सुकाणूवरूनच म्हणाला. पेरनच्या हातातलं फुलांचं खोकं अर्ध्यावरच थांबलं.

समुद्राकडच्या उतारावर ओबेड पेंडरचा तुकडा जानेवारीच्या करड्या उजेडात पिवळाधमक झाला होता. एखादा पाहुणा बघून हरखलाच असता. इंग्लंडच्या या सिली बेटांवर मात्र असं शेत दिसलं की लोक आधी त्या घराची चौकशी करतात. इथे डॅफोडिल कळीतच तोडायची, कळीतच बांधायची आणि कळीतच बोटीने पलीकडे पेन्झान्सच्या बंदराला धाडायची. ती उमलते ती लंडनमध्ये, कुणाच्या तरी टेबलावर. शेतातच उमलली, तर घरातलं माणूस अंथरुणाला खिळलं असं समजायचं, नाहीतर त्याहून वाईट.

"गेला का?" पेरनने विचारलं. वाटलं होतं तितक्या सहज त्याला हे विचारता आलं नाही.

"छे! ठणठणीत आहे. शेजारची डोर्कस तोडणीला मदत करू का म्हणून गेली, तर तिला हाकलून दिलं. म्हणाला, जन्मभर कळ्याच तोडल्या, यंदा मी फुलं बघणार आहे." क्लेमोने पाइप झटकला. "लोक म्हणतात, म्हातारा चळलाय. मला नाही तसं वाटत. आपली बोट रोज इथूनच जाते. कुणाला तरी दिसावं म्हणून ठेवलं असेल त्याने."

पेरनने खोकं खाली ठेवलं. बारा वर्षांचा होता तो, तेव्हाची गोष्ट. आईला, थर्झाला, मातीत ठेवून आल्यावर घरभर माणसं असताना तो बापाला म्हणाला होता, "तूच तिला तापात तोडणीला उभी केलीस. तूच मारलीस तिला." ओबेडने त्याला तिथेच बजावलं, मी बोलावल्याशिवाय या बांधाच्या आत पाय टाकायचा नाही. मामा त्याला पेन्झान्सला घेऊन गेला. तो तिकडेच वाढला, दाढी आली, आणि या हिवाळ्यात क्लेमोच्या बोटीवर नोकरी धरून परतला. पगारासाठी परतला नव्हता, हे क्लेमोलाही ठाऊक होतं. रोज तो त्या उताराकडे बघायचा आणि बोलावण्याची वाट पाहायचा. आपणहून जायचं म्हटलं की पाय अडत. हट्टी बापाचाच पोर होता तो.

"जा," क्लेमो म्हणाला. "चारला बोट सोडणार मी. तुझ्यासाठी थांबायचा नाही."

ओबेड दगडी बांधावर शेताकडे तोंड करून बसला होता. पेरन फाटकाशी घुटमळला. मग त्याने फाटक ढकललं आणि आत पाय टाकला.

"आलास?" म्हातारा मान न वळवताच म्हणाला. "ये, बस. वारा बोचरा आहे."

इतकंच. पेरनने मनात किती वाक्यं घोळवली होती, पण निघालं भलतंच.

"सगळं पीक वाया गेलं," तो कसाबसा म्हणाला.

"वाया कसं? वास बघ काय सुटलाय! थर्झा म्हणायची, एकदा तरी उमलू द्या हो, डोळे भरून बघू. मी म्हणायचो, बघून पोट भरतं का?" ओबेडने तो वास खोल ओढून घेतला. "फार राबवलं मी तिला. ती गेल्यावर अक्कल आली. काय उपयोग?"

पेरन बांधावर बापाशेजारी बसला. हेच ऐकायला तो इतकी वर्षं थांबला होता.

ओबेडने थर्मासमधून चहा ओतला, पेल्याच्या काठावर बोट आडवं धरून. बोटाला चटका बसला तरी त्याने तोंड वाकडं केलं नाही. रुमालातला केशराचा पाव मोडून त्याने मोठा तुकडा पेरनला दिला.

"त्या टोकाची पांढरी फुललीत का रे?"

"फुललीत."

"सगळी?"

"सगळी. कुंपणापर्यंत."

म्हातारा समाधानाने हसला. आईच्या वाट्याचं तो आपल्याला बघायला लावतोय, असं पेरनला वाटलं, आणि तो खरोखरच डोळे भरून बघत बसला. फुलांच्या शेतात जन्मून त्याने फुलं अशी कधी पाहिली नव्हती.

"खालच्या वाफ्यात अजून कळ्या आहेत," तो जरा वेळाने म्हणाला. "तोडू?"

"तोडूया."

दोघं वाकले. ओबेड बोटांनी एकेक देठ चाचपत सावकाश खुडत होता. बापाचं वय झालं, हे पेरनला पहिल्यांदा टोचलं. त्याने स्वतःचा वेग मुद्दाम कमी केला.

"हात चांगला आहे तुझा, पोरा. देठ कसा कटकन मोडतोस! कुणी शिकवलं?"

"आईने."

"शहाणी बाई," ओबेड म्हणाला.

पेरनने मान खाली घातली. डोळ्यांतलं पाणी त्याने पुसलं नाही, वाहू दिलं. शेजारी म्हातारा गुणगुणत होता. उजेड उतरणीला लागेपर्यंत दोघं असेच तोडत राहिले. बोलायची गरज पेरनला वाटलीही नाही. उद्या सामान घेऊन यायचं, असं त्याने मनाशी ठरवूनही टाकलं.

खालून भोंगा वाजला.

"मी निघतो," तो म्हणाला. "क्लेमो बोट सोडेल."

"क्लेमोच्या बोटीवरचा का तू? मला वाटलं, डोर्कसने पाठवलं कुणाला तरी." ओबेड कंबर धरून उभा राहिला. "मग माझं एक काम कर, पोरा. तिथे माझा पेरन असतो म्हणतात. त्याला सांग, बापाने बोलावलंय. मला दिसत नाही, हे मात्र सांगू नकोस."