बसायला जागा

पालिकेच्या सभागृहात ‘युवा संवाद’ लिहिलेल्या बॅनरखाली उभ्या राहून मेघना मॅडमनी माइक हातात घेतला, समोर पाहिलं आणि माइक पुन्हा खाली ठेवला. पुढच्या सगळ्या खुर्च्यांवर पांढरे केस आणि टकलं बसली होती.

“तरुण मंडळी यायची आहेत का अजून?” त्यांनी विचारलं.

“आलोय की आम्ही,” पहिल्या रांगेतले अप्पा म्हणाले. “हसरे बालगोपाळ मित्र मंडळ, काळाचौकी. मी अध्यक्ष.”

मॅडमचा तसा दोष नव्हता. विभागातल्या तरुणांना गाठा, त्यांना काय हवं ते विचारा, असा वरून आदेश आला होता. मॅडम वॉर्ड ऑफिसात नव्या. त्यांनी मंडळांच्या नावांतलं सगळ्यात कोवळं नाव निवडलं आणि आमंत्रण धाडलं. मंडळ काढलं तेव्हा बालगोपाळ खरोखरच चड्डीत होते. पुढे त्यांची लग्नं झाली, गिरण्या बंद पडल्या, नातवंडं आली. नाव बदलायचं तेवढं राहून गेलं.

आल्या आल्या अप्पांनी तरुणांच्या वतीने पहिली मागणी केली होती. चहा बिनसाखरेचा हवा.

मागे भिंतीला टेकून एक मुलगी उभी होती. समोरच्याच चाळीतली रुचा, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. ‘काही होणार नाही’ म्हणून तिच्या मैत्रिणी आल्या नव्हत्या. ती दिसताच मॅडमच्या जिवात जीव आला.

“तुम्ही बोला ना! काय हवंय तुम्हाला पालिकेकडून?”

“आम्हाला बसायला जागा पाहिजे,” रुचा म्हणाली.

“अगंबाई! अहो, खुर्ची द्या कुणीतरी त्यांना.”

खुर्ची आली. रुचा बसली नाही.

“खुर्ची नको, मॅडम. मी आणि माझ्या मैत्रिणी, आम्हाला रोज संध्याकाळी बसायला कुठे जागाच नाय.”

पुढच्या सगळ्या माना गर्रकन मागे वळल्या. काळाचौकीत पुरुषमाणूस ‘आज बसू या’ म्हणाला की पुढचं विचारायचं नसतं. बाटली असते, शेंगा असतात, आणि घरी सांगायला मंडळाची मीटिंग असते.

“बसतलंस? तू?” अप्पांच्या शेजारच्या लवूकाकांना चहाचा ठसका लागला. “बापाशीक म्हायत हा?”

“पप्पांनाच तर आधी सांगितलं. ते बोलले, मिळाली तर बरंच होईल.”

“ऐका!” अप्पा मॅडमकडे वळले. “पोरी रोज बसणार, आणि बाप म्हणतो बरंच होईल! आम्हीसुद्धा कधी शनिवारशिवाय…” इथे ते एकदम थांबले आणि बिनसाखरेच्या चहाकडे वळले.

तेव्हा कुठे रुचाच्या डोक्यात प्रकाश पडला. लाजायचं सोडून ती भडकली.

“ओ काका, नुसतं बसायला! पप्पा नाइट करून संध्याकाळी उशिरापर्यंत झोपतात, घरात कुजबुजत बोलायचं. जिन्यात बसलो तर वाट अडवता म्हणतात. गच्चीला कुलूप. नाक्यावर उभं राहिलो तर तुम्हीच घरी जाऊन सांगता. मोठ्यानं हसायलापण जागा नाय आम्हाला.”

शेवटच्या वाक्याला तिचा आवाज कापला, आणि या लोकांसमोर कापला याचा तिला फार राग आला. बालगोपाळ आपापल्या कपात पाहू लागले. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या घरी अशा मुली होत्या.

“कुठली जागा आहे तुमच्या नजरेत?” मॅडमनी विचारलं.

“ही बाजूचीच खोली. पालिकेचीच आहे. कायम बंद असते.”

“त्यात मंडपाचं सामान आहे,” अप्पा घाईघाईनं म्हणाले. “पाय ठेवायला जागा नाय.”

“बघू या की.” मॅडम निघाल्यासुद्धा.

“बघितली असती हो, पण चावी…” अप्पांनी शर्टाचा खिसा चाचपला, पँटचे खिसे चाचपले, चेहरा शक्य तितका दुःखी केला. “चावी घरी राहिली.”

“रे, तुझ्या कमरेक तर आसा!” लवूकाका म्हणाले. मदतीला ते कधी मागे राहत नसत.

कुलूप निघालं. आत मंडपाचा एक बांबू होता, ते खरं. त्यावर टॉवेल वाळत घातला होता. बाकी सगळी जागा पाय ठेवायलाच होती. वर पंखा, मधे गोल टेबल, भोवती गादीच्या खुर्च्या. टेबलावर पालथे घातलेले ग्लास आणि बशीत उरलेल्या शेंगा. एका कोपऱ्यात गणपतीची तसबीर होती, तिचं तोंड मात्र कुणीतरी आदरानं भिंतीकडे फिरवून ठेवलेलं होतं.

मॅडमनी एकदा ग्लासांकडे पाहिलं, एकदा तसबिरीकडे.

“अप्पा, नेमकी कशासाठी वापरता तुम्ही ही खोली?”

अप्पांनी गुडघा चोळला. लवूकाकांकडे पाहिलं, तर ते पंखा न्याहाळत होते.

“बसायला,” अप्पा म्हणाले.

रुचा आत गेली. तिनं गणपतीचं तोंड सरळ केलं, अध्यक्षांच्या खुर्चीवरची शेंगांची टरफलं झाडली आणि बसली. मग तिनं फोन लावला.

“या गं सगळ्या,” ती मोठ्यानं म्हणाली. “आज बसू या.”