गळ्याची शपथ

‘माज्या गल्याची शपत हाय, त्या हेलिकॉप्टरात तू बसायचा नाय,’ असं आईने बजावल्यापासून दीपेश तिला एकच सांगत आला होता, की तो पनवेलच्या ऑफिसात खुर्चीवर बसून काम करतो. प्रत्यक्षात बचाव पथकाचं हेलिकॉप्टर तोच उडवायचा.

आज पाताळगंगेला पूर आला. आपटा गावात एका घराच्या कौलांवर एकटीच म्हातारी अडकली होती. खाली उतरता उतरता दीपेशने आपलं घर ओळखलं, मग आईचं हिरवं लुगडं. शपथ मोडली की जिची घेतली ती मरते, हे लहानपणी ऐकलेलं त्याला नेमकं आत्ता आठवलं.

साथीदार सत्यजीतने दोराने उतरून तिला पट्ट्यात अडकवलं. दोर वाऱ्याने हेलकावू लागला. दीपेशचा हात जरा जरी चुकला असता, तरी ती शेजारच्या माडावर आपटली असती.

दोघं सुखरूप आत आली. तरी मागे वळून बघायची त्याची हिंमत होईना.

तेवढ्यात हेडफोनमध्ये सत्यजीतचा गोंधळलेला आवाज आला, “सर, आजी तुमच्याकडे बघून म्हणतायत, ‘त्याला सांग, शपत सुटली. आता नीट चालव.’”