परस्पर निवृत्ती

आपण निवृत्त झालोय, हे प्रगतीला फ्लेक्सवरून कळलं. बास्केटबॉल लीगची फायनल खेळायला ती काटेवाडीहून स्कूटरवर निघाली होती. बारामतीत शिरताच चौकात तिचाच फोटो उभा. ‘कऱ्हाकाठ संघाच्या वाघिणीस भावपूर्ण निरोप.’ ‘भावपूर्ण’ वाचून क्षणभर तिला वाटलं, आपण गेलोच. फोटोत तिच्या हातात चेंडू होता. मूळ फोटोत तो समोरच्या इंदापूर संघातल्या स्वरालीच्या हातात होता, आणि पुढच्याच क्षणी प्रगतीनं तो काढून घेतला होता. फ्लेक्सवाल्यानं स्वरालीला कापून चेंडू आधीच हिच्या हाती चिकटवला होता.

हॉलच्या दारात संघाचे मालक हिंदुराव आबा उभे होते. टेबलावर शाल, श्रीफळ, फेटा मांडून तयार.

“आबा, ह्ये काय हाय?”

“सत्कार हाय तुझा. मॅचच्या आधीच उरकू. पाहुण्यास्नी लवकर जायचंय.”

“आन् मॅच?”

“ती पोरी खेळतील की. तू माझ्या शेजारी बस. खुर्ची ठिवलीया.”

प्रगतीनं प्रशिक्षक कुंडलिक सरांकडं पाहिलं. सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते.

“मागल्या मॅचला किती बास्केट टाकल्यास?” आबांनी विचारलं.

“एक.”

“एक! ती नवी पोरगी, संस्कृती, बघ, उभ्या उभ्या धा टाकती.”

“आबा, त्याच मॅचमंदी समोरच्या स्वरालीनं किती टाकल्या ते इचारा.”

“ती इंदापूरची हाय. तिचं मला काय करायचंय?”

प्रगतीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. ती पॉइंट गार्ड. चेंडू पुढं न्यायचा, खेळ मांडायचा; आणि चेंडू समोरच्यांकडं गेला की त्यांच्यातल्या सगळ्यात तेज पोरीला अडवायचं. या अडवण्यात अख्ख्या लीगमध्ये तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. पाहून पाहून कळलं होतं. चेंडू फसवतो, डोळे फसवतात, खांदेही फसवतात. कंबर फसवत नाही. जिकडं कंबर, तिकडंच माणूस जाणार. म्हणून ती फक्त कंबरेकडं पाहायची आणि समोरची निघायच्या आत तिथं पोचलेली असायची. गुडघ्यांचं खोबरं झालं, एकदा दात पडला, पण समोरच्या पोरीला वाट म्हणून मिळाली नाही. फक्त एवढंच की पडलेली बास्केट गुणफलकावर लागते. न पडलेली कुठंच लागत नाही. आणि आबा फलक वाचायचे.

तिला ओरडायचं होतं. पण तोवर जर्सीवर शाल आली, डोक्यावर फेटा चढला, हातात नारळ आला. नारळ धरून हातवारे करता येत नाहीत. मान हलवली तर फेटा घसरतो. एखाद्याला चारचौघांत गप्प करायची याहून सभ्य युक्ती कुणाला सुचली नसेल. निवेदक तिच्या ‘प्रदीर्घ सेवेचा’ गौरव करत होता. अजून तिला पळताना धापही लागत नव्हती.

सगळ्यात जोरात टाळ्या इंदापूरच्या बाकावरून आल्या. एकीनं तर दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. आबा खुलले. “बघ, इरोधकांनासुदीक किती कौतुक!”

पाहुण्या संघाची कप्तान म्हणून स्वराली फुलं घेऊन पुढं आली. लीगमध्ये सगळ्यांत जास्त बास्केट तिच्या नावावर. तिनं प्रगतीला घट्ट मिठी मारली.

“ताई, खरंच ना? म्हंजी आजची मॅचबी न्हाय ना खेळणार?”

“आजपासनंच!” आबांनी अभिमानानं सांगितलं.

स्वरालीनं छातीवर हात ठेवून मोठा श्वास सोडला. “ताई, राग मानू नका. तुमच्यासंगं मॅच असली की माझ्या पोटात अन्न ठरत न्हाय. सकाळपासनं नुसतं पाणी. आज चौकात तुमचा फ्लेक्स बघितला आन् तितंच गाडी थांबवून आमी समद्या जेवलो. मी तर दोनदा भात घेतला.”

शेजारी निवेदकाच्या हातातला माइक चालूच होता. हॉल हसला. इंदापूरच्या पोरीही हसल्या, मोकळ्या मनानं.

आबा मात्र हसले नाहीत. बास्केटबॉल त्यांना कळत नव्हता. पण उभा जन्म त्यांनी निवडणुका लढवण्यात घालवला होता. आपण आपला उमेदवार मागं घेतल्यावर समोरची पार्टी पोटभर जेवत असेल, तर त्याचा अर्थ काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“कुंडलिक,” ते ओठ न हलवता म्हणाले, “ही म्हणती ते खरं हाय?”

“खरं हाय आबा. प्रगती समोर असली की स्वरालीच्या दोन-तीनच पडत्यात. बाकी कुणी असलं की मोजायला नको.”

“मग मला का सांगितलं न्हाईस?”

“तुमी इचारलं न्हाय.”

प्रगतीनं सरांकडं असं पाहिलं की त्यांनी दोरीसकट शिट्टी खिशात घातली. आबांनी तोवर निवेदकाच्या हातातून माइक घेतला होता. घसा साफ केला. चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही.

“बंधू-भगिनींनो, आपल्या सगळ्यांच्या आग्रहाखातर प्रगतीताईंनी निवृत्तीचा निर्णय मागं घेतलेला हाय!”

त्याच लोकांनी त्याच हातांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. इंदापूरच्या बाकावर मघाची शिट्टीवाली खाली वाकून बुटाच्या नाड्या आवळू लागली. प्रगतीनं नारळ आबांच्या हातात दिला. शाल त्यावर ठेवली. फेटा उतरवून शालीवर ठेवला. आबांचे हात पुरते भरले, तेव्हा तिनं त्यांच्या बोटांत अडकलेला माइक आपल्या तोंडाकडं वळवला.

“आबा, घेतलीच कवा हुती मी, ती मागं घ्यायला?”