बोलका डबा

शार्दूलनं झाकण उघडताच अमिनो ॲसिड पावडरचा डबा, डब्यांनी खरंच बोलायचं या नव्या कायद्याप्रमाणं, बोलला, "माझ्यामुळं जेवणाची जागा भरून निघत असल्याचा पुरावा नाही."

शरीरसौष्ठव स्पर्धेच्या नादात शार्दूलनं जेवण जवळजवळ सोडलंच होतं. कालच जिममध्ये चक्कर येऊन पडला होता.

"ऐकलंस ना रे?" कुमुदिनीबाई हळूच म्हणाल्या.

"आई, तुझ्या गुरुवारच्या उपासाला तरी कुठं पुरावा आहे?"

आजचा उपासही त्याच्यासाठीच होता. त्यांनी देवाला हात जोडले, वरणभाताचा एक घास खाल्ला आणि ताट त्याच्यापुढं सरकवलं.

"मी उपास मोडला बघ. आता तू हा डबा सोड."

शार्दूलनं ताट बाजूला सारलं. मग त्यानं मान वळवली आणि डब्यात चमचा घातला.

कुमुदिनीबाईंनी ताट झाकून ठेवलं आणि मोडलेल्या उपासासाठी देवाला पुन्हा हात जोडले.