मनगटावरचा गजर

चहाचा ट्रे टेबलावर टेकवताना आईला दिसलं, घड्याळ काळ्या मखमलीवर उताणं ठेवलंय आणि मुलासकट जुनी घड्याळं जमवणारे चार बाप्ये त्याच्यावर कान देऊन वाकलेत. त्यांचे चेहरे बघून तिला कळलं, गजर वाजतोय.

एरवी कळायचं कारण नव्हतं. सातव्या वर्षी तापात तिचे दोन्ही कान गेले. तेव्हापासून माणसांचे ओठ वाचत तिने सगळा संसार केला होता. मुलाचे ओठ तिला पाठ होते. दातांच्या डॉक्टरांचं बोलणं स्वच्छ दिसायचं. मिशीवाल्याचं मात्र अर्धं बोलणं मिशीतच अडकायचं. तिसरा पाहुणा काही बोलतच नव्हता, नुसता भिंगातून बघत होता.

"रातकिडा बोलतोय हो, रातकिडा!" डॉक्टर म्हणाले. "आजकालच्या घड्याळांत आहे का हा जीव? ह्यात सेल नाही की काही नाही. एक चावी वेळेची, एक गजराची. आतली हातोडी पाठीच्या झाकणावर आपटते, बस्स."

"आमच्याकडे सकाळी सकाळी बायकोच आपटते," मिशीवाला म्हणाला, "आणि तिला तर चावीही..." पुढचं मिशीत गेलं. सगळे हसले.

आज ते घड्याळ डॉक्टरांकडे जायचं होतं. बदल्यात त्यांची दोन घड्याळं मुलाकडे येणार होती. ती मघाशीच येऊन कपाटात बसलीसुद्धा. जायच्या आधी एकदा, फक्त एकदा, ते आपल्या मनगटाला बांधावं एवढंच आईला हवं होतं. महिन्याभरात दोनदा तिने तोंड उघडून मागितलं. "घामाने झाकण खराब होतं गं," म्हणून मुलाने दोन्ही वेळा विषय संपवला.

"मूळ कोणाचं हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"बाबांचं," मुलगा म्हणाला. "बोटीवर होते ना. पहाऱ्याची पाळी बदलायची वेळ झाली, की हाच गजर."

आईने डॉक्टरांचा कप उचलला होता, तो हातातच राहिला. तिच्या नवऱ्याने जन्मात बोट पाहिली असेल तर कॅलेंडरवर. बेकरीत रात्रपाळीला भट्टीपुढे उभा राहायचा. धातू तापून हात भाजतो, म्हणून घड्याळाच्या वाटेलाच कधी गेला नाही. आणि ही बोटीची थाप तिच्या देखत, तिच्याकडे तोंड करून मारली की मुलाने. ती खोलीत आहे हेच त्याच्या ध्यानात नसावं.

तिने कप खाली ठेवला आणि डावा हात पुढे केला.

"एकदा बांध."

तिचा आवाज तिने सातव्या वर्षानंतर कधी ऐकला नव्हता. तो जाड येतो, हे लोकांच्या दचकण्यावरून कळायचं. आताही चौघे दचकले.

"आई, आत्ता नको. नंतर."

"नंतर कुठलं? नंतर ते माझं झालं!" डॉक्टर हसले. "द्या हो इकडे. या आजी. यजमानांची आठवण आहे, बांधू द्या की." त्यांनी स्वतःच पट्टा बांधला, अगदी शेवटच्या भोकात. गजराची चावी भरली, काटा जुळवला.

झाकण थरथरलं. कातडीतून थेट हाडात.

आईने उजव्या हाताला काही सांगितलं नव्हतं. तो आपणहून वर गेला. गाऊनचं पहिलं बटण सुटलं, मग दुसरं. ती डाव्या बाजूला वळली आणि उचलून घ्यायला वाकली. तिथे नुसती खुर्ची होती.

मान वर केली तेव्हा मिशीवाला छताकडे बघत होता. मुलाचे ओठ पांढरे पडले होते.

"आई! काय करतेस काय!"

तिने गाऊन मुठीत आवळून धरला. गजर दमत दमत थांबला होता.

"तू रडायचास," ती म्हणाली. "मला ऐकू यायचं नाही. बाप कामावर. दर दोन तासांनी हे हाताला चावायचं, मग मी उठून तुला पाजायचे. बोट कसली रे? लाँड्रीत इस्त्र्या करून मी घेतलंय. माझं आहे हे."

डॉक्टरांनी मुलाकडे पाहिलं. "म्हणजे, तुम्ही तर म्हणालात..."

मुलगा पुढे आला. तिच्या तोंडाकडे न बघता त्याने पट्टा सोडवला, घड्याळ डॉक्टरांच्या हातात दिलं आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. तो बोलत होता. त्याचे खांदे हलत होते. पाठीवरून आईला काही वाचता येत नव्हतं.

पण समोरचे चेहरे दिसत होते. डॉक्टरांच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. भिंगवाल्याने मान हलवली, हळू, समजूतदारपणे. मिशीवाल्याने तिच्याकडे पाहून हात जोडले, भ्रमिष्ट म्हातारीपुढे जोडावेत तसे, नको तितक्या मायेने.

मग डॉक्टरांनी खिशातून मऊ फडकं काढून घड्याळाची पाठ पुसली. फुंकर मारली. पुन्हा पुसली.