रडण्याचं परीक्षण

लताबाई ओट्यापासूनच हेल काढत आत शिरल्या आणि भागाबाईंच्या गळ्यात पडल्या. भागाबाईंनी मात्र डोक्यावरचा पदर तोंडावर ओढला नाही की तोंडातून आवाज काढला नाही. नुसत्या बसून राहिल्या. लताबाईंचा हेल मध्येच अडकला. शेजारीण झाली म्हणून एकटीनं किती रडणार?

"रड ना वं माय! मोकळी व्हय!" त्यांनी भागाबाईंना हलवलं. "अशी मुकी बठू नको."

भागाबाईंच्या मालकांना, भिकन आबांना, जाऊन तिसरा दिवस होता. कापडणे गावात त्यांच्या घरी दारावर येणाऱ्यांची रीघ लागली होती. मयताच्या घरी भेटायला जाणं म्हणजे इकडे दारावर जाणं. आलेली बाई आणि घरची बाई गळ्यात पडतात, पदराआड तोंड घालून गेलेल्याला हाका मारत रडतात. मग पदर बाजूला होतो, नाक पुसलं जातं, चहाची चौकशी होते. पुढची बाई आली की पदर पुन्हा खाली. यात खोटं काही नसतं. एवढं दुःख एका दमात कुणाच्या बापाला उचलत नाही, म्हणून थोडं थोडं उचलायचं.

हे भागाबाईंच्या मुलाला, योगेंद्रला, कुणी शिकवायला नको होतं. तो याच घरात वाढलेला. आता जळगावात मेहरूणला राहायचा आणि नोकरी सांभाळून खुनाच्या मालिकांची परीक्षणं करायचा. कोण खरं बोलतंय, कोण सोंग करतंय, हे तो मोबाईलसमोर बसून असं काही ठणकावून सांगायचा की पाहणाऱ्याला वाटावं, पोलीस याच्याकडेच शिकवणीला येतात.

मागच्या महिन्यात त्यानं एका खऱ्या खुनावरची मालिका घेतली होती. गावातल्या एका माणसाचा खून झालेला, आणि त्याची बायको दारावर आलेल्या बायकांबरोबर अशीच रडत होती. योगेंद्रनं तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवून दाखवला. "बघा, पाहुणी आली की रडू चालू, चहा आला की बंद! बाईंना अभिनयाचे पाचपैकी पाच!" लोक खिदळले. हीच खुनी, असं हजारोंनी खाली लिहिलं. शेवटच्या भागात खुनी निघाला तिचा दीर. पण तोवर योगेंद्र पुढच्या मालिकेकडे वळला होता. रीत त्याला ठाऊक होती. रीत सांगितली असती तर मजा गेली असती, एवढंच.

आबांनी तो व्हिडिओ पारावर बसून साऱ्यांना दाखवला होता. भागाबाईंनीही पाहिला होता.

आज पुरुष मंडळी बाहेर मांडवात बसली होती. योगेंद्र तेवढा आत, आईच्या समोर खुर्ची टाकून बसला होता. तिला सांभाळायला कुणी हवं ना! लताबाईंनी नाक पुसलं आणि चहा झाला का म्हणून विचारलं, तेव्हा त्याला आपलेच शब्द आठवले आणि कानाच्या पाळ्या तापल्या. त्यानं मान खाली घातली. पण आईनं रडू नये याचा अर्थ त्याला लागेना. ज्याला त्याला त्यानं सांगितलं, धक्का बसलाय, डॉक्टरला दाखवू.

दुपारी सुंदरबाई आल्या. आबांची सख्खी बहीण. "मना भाऊ वं!" असा त्यांनी हंबरडा फोडला, तेव्हा मांडवातल्या पुरुषांनीही आत वळून पाहिलं. भावजयीच्या गळ्यात पडून त्या किती तरी वेळ रडल्या. भागाबाईंनी त्यांना कवटाळलं होतं, ओठ दातांखाली धरला होता, पण रडल्या नाहीत. सुंदरबाई बाजूला झाल्या. त्यांनी भावजयीचं कोरडं तोंड पाहिलं.

"मना भाऊकरता तुनाजोडे एक आसू बी नही का वं?"

घरातल्या साऱ्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. नणंद असं बोलून गेली की ते घरात जन्मभर राहतं.

योगेंद्र उठून स्वयंपाकघरात गेला. "आईचं आणि आबांचं काही बिनसलं होतं का गं?" त्यानं बायकोला हळूच विचारलं.

पुनमनं हातातली गाळणी खाली ठेवली. "स्वतःच्या आईवर संशय घेता?"

आता मात्र त्याला आपली किळस आली. बाप जाऊन तीन दिवस नाही झाले आणि हा आईची उलटतपासणी घ्यायला निघाला! तो बाहेर आला. खुर्ची सोडून आईसमोर जमिनीवर बसला. तिचा हात हातात घेतला. हात तापला होता. तीन दिवसांत त्यानं तिच्याकडे टक लावून पाहिलं होतं, तिला विचारलं मात्र काही नव्हतं.

"आई, काय होतंय तुला? मला सांग. तू रडत का नाहीस?"

भागाबाईंनी सुंदरबाईंकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून त्या अगदी जवळ वाकल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, विनवणी होती.

"तू समोर बठीसन देखस ना, भाऊ, म्हनीसन माले रडानी लाज वाटस. घडीभर बाहेर जाय ना. माले तुना बापकरता रडनं शे."